‘तुम्ही’ सुटलं तेव्हा

माझं डोकं मुळातच तापट. समुपदेशक झाले म्हणून ते थंड झालं नाही, फक्त दाराबाहेर ठेवून आत जायची सवय लागली. दोन आठवड्यांपूर्वी, बुधवारी, ती सवय मोडली.

समोर मीराबाई होत्या. लालबागच्या, वय बासष्ट. नवरा गेल्यापासून त्यांचं जेवण सुटल्यातच जमा होतं. घरी मुलगी ओरडते, शेजारणी ओरडतात. दादरच्या माझ्या खोलीत कुणी ओरडत नाही, म्हणून तीन महिने येत होत्या. त्या दिवशी म्हणाल्या, “काल नुसता चहा घेतला.”

आणि माझ्या तोंडून निघालं, “जेवली का नाहीस? किती वेळा सांगायचं गं तुला! मरायचंय का?”

अठरा वर्षांत मी कॉलेजच्या पोरांनाही ‘तुम्ही’शिवाय बोलले नव्हते. मीराबाईंनी पदर सावरला, “बरं” म्हणाल्या आणि अर्ध्या तासातच उठून गेल्या. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: आता बरं वाटतंय, येत नाही.

डोंबलाचं बरं वाटतंय! बाई उपाशी मरत होती आणि बोलायची एकुलती एक जागा मी घालवली होती.

माहीमला जगदीश सरांकडे गेले. आमच्या कामात आपलं काम तपासून घ्यायला एक जाणतं माणूस लागतं, माझे ते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “कालिंदी, घरात मोठ्या बायकांपैकी तू ‘अगं-तुगं’ कुणाला करायचीस?”

“आईला.”

आई दोन महिन्यांपूर्वी गिरगावच्या घरी वारली. शेवटी शेवटी ताट दिसलं की तोंड फिरवायची आणि मी तिच्यावर याच शब्दांत खेकसायचे. तेरावा झाला, चौदाव्या दिवशी मी दादरची खोली उघडली. रोज सात जण. लोक म्हणायचे, काय धीराची आहे! ते मला आवडायचं, लाज वाटते सांगायला.

“रडलीस?” सरांनी विचारलं.

“वेळ कुठे मिळाला?”

“रोज सात जणांचं ऐकायला मिळतो.”

असा राग आला त्यांचा! उठून चालू पडणार होते. त्याऐवजी हमसून हमसून रडले.

तिथेच ठरवलं. दिवसाला चारच जण, पाचवा नाही म्हणजे नाही. शनिवारी भायखळ्याच्या एका समुपदेशक बाईंकडे तास, क्लायंट म्हणून. मग मीराबाईंना फोन लावला.

“मीराबाई, मी चुकले. ते ओरडणं माझ्या घरातलं होतं, तुमचा त्यात काही दोष नाही. माझं मी बघतेय. दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर नाव देते. माझ्याकडे यायचं असेल तर बुधवारचा तास ठेवलाय.”

“बघते,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बुधवारी आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

“एक बोलू? रागावणार नाय ना?”

“राग आला तर माझा मी सांभाळीन. बोला.”

“मला तुमचा राग आलाय. लय आलाय.” तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला, आणि चढला तसा थेट गावच्या मालवणीत गेला. “घोव गेले माझे. माका भूक लागणा नाय. इतक्याच सांगतंय, तर सगळी माझ्यार ओरडतत! तुम्ही पण!”

सारवासारव करायला जीभ वळवळत होती. आई आठवून रडूही येऊ लागलं. हे रडू शनिवारच्या तासाचं, मी स्वतःला बजावलं, आणि म्हणाले, “खरंय. मीही ओरडले. अजून सांगा.”

त्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “आणि तेंचोय राग येता माका. न सांगता गेले.”

आणि रडायला लागल्या. मी नाही रडले. तो तास त्यांचा होता.