दाराला बांधलेला कपलर

मित्रांनो, मी गाडीच्या म्युझिक सेटचा एक जुना कपलर आहे. जुना झालो, पण ज्या कामासाठी जन्मलो ते मला एक दिवसही कुणी करू दिलं नाही, म्हणून माझं डोकं फिरलेलं आहे. काम तरी केवढं? गाडीचं मूळ सॉकेट माझ्या एका टोकात बसतं आणि नवा सेट दुसऱ्या टोकाला. एकही तार कापावी लागत नाही.

सुप्याच्या एका कारखान्यात निकिता नावाच्या मुलीने मला जोडलं. माझी एकेक तार तिने जोर लावून खेचून पाहिली. मी तुटलो नाही, तेव्हाच तिने मला पुढे पाठवलं. मग नव्या सेटच्या खोक्यात बसून मी काष्टीला रंगनाथकडे आलो. रंगनाथ वस्तीवरची मुलं व्हॅनमधून शाळेत पोचवायचा. त्याची बायको चांगुणा मागे मुलांजवळ बसायची आणि मुलं सोडली की परस्पर खुरपायला जायची.

सेट बसवायला वैजनाथ मिस्त्री आला. या शहाण्याने खोकं उघडण्याआधीच जुन्या सेटच्या तारा कचाकचा कापून टाकल्या.

“ह्यो गुच्छा कशाचा हाय?” चांगुणाने मला उचलून विचारलं.

“कपलर हाय, वैनी. त्यो लावून काय, कुनीबी सेट बसवील! मग मिस्त्री कशाला पायजे?”

त्याने तारा नुसत्या पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. आणि मी? व्हॅनच्या सरकत्या दाराची कडी मोडली होती. रंगनाथने माझ्या तारांनी दाराची मूठ आतून बाकाच्या नळीला करकचून बांधली. मला दोरी केलं! दुसऱ्या बाजूच्या दाराला आडवं बाक लावलेलं, म्हणजे मुलांना उतरायला हे एवढंच दार. चांगुणा रोज कुरकुरत गाठ सोडायची, रोज बांधायची.

उन्हाळा तापला तशी टेप सुटली. एका दुपारी शाळेतून परतताना उघड्या तारा एकमेकींना भिडल्या आणि सेटमागून धूर निघाला. रंगनाथ गाडी थांबवून खाली उतरला, बाहेरून दार ओढू लागला. तो ओढेल तशी माझी गाठ आणखी आवळत गेली. आत मुलं खोकत होती, रडत होती. छोटा करण तर मला दातांनी तोडू पाहत होता. पण निकिताने मला पक्कं केलं होतं ना! मी तुटेना. त्या क्षणी मला माझीच चीड आली.

शेवटी चांगुणाने पिशवीतलं खुरपं काढलं आणि मला कापलं. दार सरकलं. सगळी मुलं सुखरूप बाहेर पडली.

“सेटच बोगस निगाला!” रंगनाथ ओरडला. सेटला दोष, स्वतःला नाही.

दुसऱ्या दिवशी वैजनाथ टेपचं नवं बंडल घेऊन हजर! चांगुणा दारापाशी उभी होती.

“पिळ तारा. मंग आत बस.”

“कशाला, वैनी?”

“मी दार बांधते. आमचं धनी गाडी श्रीगोंद्यापतुर नेत्यात. तिथं सोडते तुला.”

वैजनाथ हसला. चांगुणा हसली नाही. त्याने गुपचूप टेप खिशात घातली आणि नवा कपलर आणायला निघाला.

मित्रांनो, मी आता दोन तुकडे होऊन पडलो आहे. मला जपा, असं सांगून उपयोग नाही. पण तुमच्या गाडीत कुणी तारा पिळताना किंवा दार बांधताना दिसला, तर गप्प बसू नका. त्याला आधी आत बसायला सांगा.