वरचा मजला

आमच्या अमरावतीच्या निवारागृहात बेघर मुलामुलींना नव्वद दिवस राहता येतं. एक्क्याण्णवाव्या दिवशी ती बेघर उरत नाहीत, असं आमच्या संस्थेचं मत असावं. मी इथली अधीक्षक. त्याआधी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि लाल पेन कायम हाताशी असतं.

आचल सतरा वर्षांची. आई वारली, मग सावत्र बापाने अकोल्यातली खोली सोडली आणि हिला सांगायचं राहून गेलं. बारावीची पुस्तकं उशाला घेऊन ती अकरा दिवस स्टेशनवर झोपली. खटपट करून तिचं परीक्षा केंद्र आम्ही अमरावतीला आणलं. परीक्षा मंगळवारी सुरू होणार होती. तिचा नव्वदावा दिवस सोमवारी होता.

जुन्या शहरात तिचे मामा राहतात. मी चार फोन केले. तीन वेळा मामी म्हणाल्या, ते बाहेरगावी आहेत. चौथ्यांदा मामांनी स्वतःच फोन उचलला आणि तेच सांगितलं.

मग मी मुदतवाढ मागितली. तपासणीला येणारे खुशालराव म्हणाले, "मुदत वाढते ना मॅडम. पन अर्ज तीस दिवस आधी द्या लागते."

तीस दिवसांपूर्वी मी मामांच्या भरवशावर होते. चूक माझीच.

सोमवारी सकाळी आचलने निरोपाचा फॉर्म भरून माझ्या टेबलावर ठेवला. 'येथून गेल्यानंतरचा पत्ता' या रकान्यात तिने आमच्याच इमारतीचा पत्ता लिहिला होता.

"हे काय लिहिलंस?" मी चिडले.

"मले दुसरा पत्ता पाठ नाई, मॅडम."

खोडायला म्हणून मी लाल पेन उचललं. पण पिनकोड राहिला होता, तो आधी लिहिला. सवय वाईट असते. मग 'कोणाकडे' ही जागा रिकामी दिसली. रिकाम्या जागेला मी आयुष्यभर शून्य गुण दिले आहेत. अधीक्षकाला इथेच वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळतात. एकीत मी राहते, दुसरीत माझी रद्दी. मी माझं नाव लिहिलं.

दुपारी खुशालरावांनी फॉर्म दोनदा वाचला.

"पत्ता त थोच हाये."

"मजला वेगळा आहे."

"अन् लाल शाईत काहून?"

"निळं पेन सापडलं नाही."

त्यांनी माझ्या खिशातल्या निळ्या पेनाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. "तीन दिवसांनी घरभेट द्या लागते तुमाले. मुलगी बरी हाये का नाई, थे पाहून या."

"वेळ काढून जाईन," मी म्हणाले.

संध्याकाळी आचल पत्र्याची पेटी आणि काखेत पुस्तकं घेऊन अठरा पायऱ्या चढली आणि चप्पल काढून दारातच उभी राहिली.

"सही कुठी करू?"

"सही नाही."

"मंग नव्वद दिवस आजपासून मोजायचे का उद्यापासून?"

मला रडू आलं. रडू आलं की मी ओरडते.

"मोजायचे नाहीत! पेटी आत घे. उद्या पेपर आहे."

तिने पेटी आत घेतली. उघडली मात्र शेवटचा पेपर देऊन आल्यावर.