म्खीझेबाबांना घरी आणताना

मित्रांनो, मी एक जुना पियानो आहे आणि मला सध्या माणसांची किळस आली आहे. तरीही माझी गोष्ट सांगतो.

मी जर्मनीतल्या कारखान्यात जन्मलो, बोटीने डरबनला आलो आणि एडेन्डेलच्या मिशनशाळेत चाळीस वर्षं प्रार्थना वाजवल्या. शाळेला नवा पियानो मिळाला तशी माझी रवानगी व्हरांड्यात झाली. तिथे कोंबड्यांनी माझ्यावर काय काय केलं ते सांगवत नाही. शेवटी गावातल्या म्खीझेबाबांनी मला ट्रॅक्टरवर घालून घरी नेलं आणि आतून-बाहेरून पुसलं. जॅझ मी त्यांच्याच बोटांमुळे शिकलो.

मागच्या वर्षी ते जोहान्सबर्गच्या इस्पितळात वारले. देह घरी आला, पण जीव तिथेच राहिला. आमच्यात जीव आणायला घरचं माणूस जातं. बोरीसारखी एक काटेरी फांदी घेऊन त्या खाटेपाशी हाक मारायची, की जीव फांदीवर येऊन बसतो; परतताना टॅक्सीत फांदीसाठी वेगळी जागा घ्यायची, आणि वाटेत बोलायचं ते फक्त फांदीशी. दुसऱ्या कुणाशी चकार शब्द नाही, नाहीतर जीव वाटेतच राहतो. बाबांची बायको माशेझी वर्षभर या एकाच दिवसाची वाट पाहत होती. तिचा मुलगा लिंडानी जोहान्सबर्गहून फांदी घेऊन आला. रविवारी दुपारी वुसुमुझी सेले मला वाजवून बाबांना घरात घेणार होते. सेले जॅझमधले नावाजलेले, पण पूर्वजांना विचारल्याशिवाय पट्टीला हात न लावणारे.

लिंडानीने मात्र वीस पाहुणे बोलावून ठेवले. शी! एकाने माझ्यावर थंड बिअरचा ग्लास ठेवला. एकाने मटणाची बोटं माझ्याच आच्छादनाला पुसली. भपकन सेंट मारलेली एक बाई म्हणाली, "ए, ती फांदी सरकव ना जरा, फोटोत येतेय!" आणि तिने ती खरोखरच सरकवली.

सेलेंनी बूट काढले, इम्फेफोचा धूप जाळला, दोन-चार सूर वाजवले आणि ते थांबले.

"लिंडानी, वाटेत कुणाशी बोललास?"

"छे हो, न्दोसी!" सेले कुळाच्या माणसाला मानाने असंच म्हणतात.

"बाबा खोलीत नाहीत रे."

लिंडानी चाचरला. "म्हणजे... फोनवर थोडंसं. आमंत्रणं द्यायची होती ना! वीस जण काय आपोआप येतात?"

"बापाला रस्त्यात सोडून पाहुण्यांशी गप्पा छाटत आलास?" माशेझी उठून उभी राहिली.

"आई, लोकांसमोर नको ना."

"मग कुणासमोर? बाप तर नाहीच इथे!"

सेलेंनी माझं झाकण लावलं. तेवढ्यात बिअरवाला म्हणाला, "आता आलोच आहोत, तर काहीतरी हलकंफुलकं होऊ द्या की!"

"पोटभर जेवलात ना? मग निघा," सेले म्हणाले आणि बूट घालून गेले. मग लाज झाकायला लिंडानी स्वतः बसला आणि त्याने मला तासभर बडवलं. पाहुण्यांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. कोंबड्या परवडल्या.

सोमवारी माशेझी नवी फांदी तोडून एकटीच जोहान्सबर्गला गेली. गुडघे दुखत होते तरी गेली. बुधवारी दुपारी ती परतली तेव्हा लिंडानी धावत फाटकाशी गेला.

"आई, चुकलो गं. दे, मी धरतो."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "आपलं फाटक आलं हं," ती फांदीला म्हणाली. "पायरी आहे, जपून या. हा समोर लिंडानी उभा आहे. रडतोय. तुम्ही नका रागावू त्याच्यावर, मी रागावलेय तेवढं पुरे."

तेव्हापासून लिंडानी मला रोज पुसतो. माझा राग अजून गेलेला नाही. मित्रांनो, तुम्हीही आपापली जुनी वाद्यं जरूर पुसा. पण घरच्या माणसाला घरी आणायला निघाल, तेव्हा तो मेला फोन घरीच ठेवून जा.