धाकट्या भट्टीतले बारा आकडे

दसऱ्याच्या सकाळी, साताऱ्याबाहेरच्या त्या लहानशा कारखान्यात, माल तपासणाऱ्या अंजनानं आकड्यावर पोलादी गोळी दाबली आणि भिंगातून खळगा मोजला. मग पुन्हा मोजला. खळगा मोठा होता, म्हणजे धातू मऊ. दुसरा आकडा घेतला, तिसरा घेतला. तेच.

अॅल्युमिनियमचे हे बारा आकडे, म्हणजे जाड हूक, संध्याकाळच्या ट्रकनं सांगलीला आणि तिथून जतला जायचे होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर तिकडं विहिरी खोल करत होते. माणसं ज्या पाळण्यातून खाली उतरत, तो या आकड्यांवर लटकायचा.

चुकलं कुठं, हे तिला लगेच उमगलं. काल खंडेनवमी. भट्टीवाल्या गुंडानं पहाटे आकडे धाकट्या भट्टीत मंद आचेवर ठेवले होते, दहा तासांनी काढायचे म्हणून. दुपारी हत्यारांची पूजा झाली. अंजनाचे नऊ दिवसांचे उपास. भट्टीला हळदकुंकू तिनंच वाहिलं. चारला गुंडा भट्टीकडं निघाला, तर तिनंच अडवलं. "पुजलेल्याला आज हात लावू नये, गुंडादादा. आच मंदच हाय."

भट्टी सकाळपर्यंत तशीच तापत राहिली.

तिला ठाऊक नव्हतं असं नाही. मोठ्या भट्टीत आकडा न वितळताच त्यातलं तांबं अॅल्युमिनियममध्ये साखरेसारखं विरघळतं. तापलेला आकडा तसाच पाण्यात बुडवला की ते आत अडकतं. मग मंद आचेवर त्याचे बारीक कण धरतात, गुळाला रवा धरतो तसे, आणि धातू घट्ट होतो. पण आच लांबली की मोठे कण बारक्यांना गिळतात, मोजकेच दूर दूर उरतात आणि धातू ढिला पडतो.

मालक हंबीरराव आले. "तपासून पास झाल्याचं शिक्कं मारलं का, अंजनाबाई?"

"मऊ हायेत, मालक. घट्टपणा सव्वाशे पायजे, पंच्याण्णव भरतोय."

मालक गुंडाकडं वळले. "झोपला हुतास व्हय रं?"

गुंडानं मान खाली घातली. तिचं नाव काही घेतलं नाही.

"त्यांची चूक न्हाई," अंजना हळूच म्हणाली. "मी अडवलं. पूजा झालीया म्हनून."

"आकडं शिजत ठेवा असं देवीनं सांगितलं हुतं?"

"न्हाई. ते मीच म्हनलं."

"मग आता शिक्काबी तुमीच मारा. एवढ्यानं काय तुटत न्हाई. सांगलीवाला वाट बघतोय."

"पाळण्यात मानसं असत्यात, मालक. माझ्यानं न्हाई व्हनार."

गुंडा पुढं होऊन म्हणाला, "परत मोठ्या भट्टीत घालू. कण परत इरघळत्यात. मग पाणी, मग मंद आच. समदं पयल्यापासनं."

मालकांनी ट्रक उद्यावर ढकलला.

दुपारी मोठ्या भट्टीचं दार उघडलं. प्रत्येक आकडा चार मोजायच्या आत पाण्यात जायला हवा, नाहीतर कण वाटेतच धरतात. गुंडा चिमट्यानं एकेक उचलत होता, अंजना शेजारी उभी राहून मोजत होती. नववा निसटून फरशीवर पडला.

"घाल, घाल, चालतंय," मालक म्हणाले. गुंडानं तो उचलून पाण्यात घातला आणि उरलेले तीन काढले.

"त्या नवव्याला आठ मोजून झालं," अंजना म्हणाली. "तो बाजूला ठेवा, गुंडादादा."

मालक फोनपाशी गेले आणि सांगलीचा नंबर लागल्यावर म्हणाले, "उद्या आकराच येत्याल. बारावा मागनं."