धोट्यावर फिरलेली कानस

मी एक जुना धोटा आहे, शिसवी लाकडाचा, आंधळगावच्या हातमागावरचा. मित्रांनो, वीस वर्षं टेकचंद कोष्टी मला एका हाताने फेकत आणि दुसऱ्याने झेलत. उभ्या धाग्यांतून आडवा धागा ओढत मी धावे. त्यांच्या लुगड्याचा काठ म्हणजे आखलेली रेघ! त्यात माझाही वाटा होता, हे सांगायला मी लाजत नाही.

१९८५च्या चैत्रात उजवा काठ सैल पडू लागला. खापर फुटलं माझ्यावर. नाचता येईना, अंगण वाकडं!

"टेकचंद, तुया धोटाच वाकडा झाला गा. घास त्याले," शेजारचे सोमाजी म्हणाले.

टेकचंदांनी कानस घेतली. महिन्याने काठ आणखी सैल, पुन्हा कानस. त्यांचा उजवा हातच मला नीट झेलत नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण लाकडाचं ऐकतो कोण? मी नुसता जळफळत राहिलो.

"एका धाग्याचे दोन दिसून राहिले मले," ते एकदा म्हणाले.

"मोहाची घेतली का?" सोमाजी हसले. दारूला कधी न शिवलेला माणूस हो!

पोळ्यापर्यंत त्यांचा तोल जाऊ लागला, तोंड वाकडं झालं, घास घशात अडकू लागला. तेव्हा त्यांच्या पत्नी कुंताबाईंनी त्यांना नागपूरला नेलं. व्यापाऱ्याने परत केलेली लुगडी पिशवीत होती, सोबत मीही.

"डॉक्टरसाहेब, हा चैताचा काठ, हा आखाडाचा. धोट्याले काहून दोष द्याचा? यायचा हातच चुकून राहिला," कुंताबाई लुगडी पसरत म्हणाल्या.

डॉक्टरांनी काठावरून बोट फिरवलं. "हळूहळू वाढत गेलंय हे," ते म्हणाले. मेंदूचा फोटो निघाला. मेंदूच्या देठात थेंबथेंब रक्त झिरपून गाठ झाली होती. तिथे केसाएवढी चूक झाली तर श्वासच थांबायचा. मानेच्या वर कवटी उघडून डॉक्टरांनी सहा तास खपून ती गाठ काढली. टेकचंद वाचले.

होळीनंतर ते पुन्हा मागावर बसले. मला फेकलं, अलगद झेललं. हात शाबूत होता! काठ मात्र सैलच. त्यांनी मला डोळ्यांसमोर धरलं.

"घासून घासून आता खरंच वाकडा केला गा तुले," ते हळूच म्हणाले.

आता मागावर नवा धोटा आहे, मी कोनाड्यात. मित्रांनो, कुणाचं सरावाचं काम बिघडू लागलं, तर कानस शोधू नका. आधी त्याचा हात हातात घेऊन बघा.