ठोकळ्यातली दाढ

काढलेल्या दातांचं रूट कॅनाल करण्यात तिचा हात धरणारं डेंटल कॉलेजच्या वर्गात कोणी नव्हतं. प्लास्टरच्या ठोकळ्यात रोवलेला दात बोटांत धरायचा, हवा तसा फिरवायचा, की काम फत्ते! त्याच तोऱ्यात तिने पहिला जिवंत पेशंट म्हणून सख्ख्या मामालाच खुर्चीत बसवलं. दाढ नेमकी वरची, पार मागची. आरशात काही धड दिसेना. सवयीने तिने मामाची हनुवटी धरली आणि ठोकळ्यासारखी गर्रकन फिरवली.

"मामा, जरा उलटा हो ना!"

मागे उभ्या असलेल्या सरांनी कपाळाला हात लावला.

तोंडातला कापूस काढून मामा मान चोळत म्हणाला, "असं कर पोरी, मी दाढ उपटूनच घेतो. तू ती घरी ने, निवांत दुरुस्त कर आणि झाली की बसवायला बोलाव."