दाताशी एकवीस

धाकट्याने मोबाइल आईच्या चेहऱ्यावर धरला आणि सिस्टर "फोटो नाही हं" म्हणायच्या आत फोटो काढलासुद्धा.

"बाबा, बघा. आई हसतेय."

बाबा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवून उभे होते. त्यांनी मोबाइलकडे पाहिलं नाही, आईकडे पाहिलं. तोंडातून निघालेली नळी यंत्राकडे गेली होती. नळीला चिकटपट्टी होती, चिकटपट्टी गालांना होती, आणि वरचा ओठ जरासा वर सरकून त्याखाली दातांची पांढरी, एकसारखी रांग दिसत होती. झोपेच्या औषधाखाली माणूस हसत नसतो हे धाकट्याला कळायला हवं होतं. पण आईला इथे आणल्यापासून तो काहीतरी चांगलं दिसावं म्हणून टपून होता, आणि टपून बसलेल्याला दिसतंच.

फोटो घरच्या ग्रुपवर गेला. 'संकटातही हसरी!' असं मावशीने लिहिलं. त्यावर आत्याने त्याहून लांब काहीतरी लिहिलं, कारण मावशीच्या मागे राहणं आत्याला कधी जमलेलं नव्हतं. आईला हसताना कुणी पाहिलेलं नाही, हे दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही. म्हणजे ती हसायची, पण ओठ मिटून, नाहीतर तोंडापुढे हात धरून. घरातल्या एकूण एक फोटोंत ती पोस्टाच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसायची.

बाबांनी हात पुढे केला आणि अंगठ्याने तिचा वरचा ओठ हलकेच खाली ओढला. ओठ परत वर गेला.

"आजोबा, हात नका लावू. नळी हलेल."

"हललीय का?"

सिस्टर वाकली. नळीवर शाळेतल्या पट्टीसारखे आकडे छापलेले होते. नळी दातांना जिथे टेकत होती तिथला आकडा तिने वाचला.

"दाताशी एकवीस. घातली तेव्हाही एकवीस, आत्ताही एकवीस. केसभरसुद्धा हललेली नाही."

"नक्की ना?"

"आजोबा, आकडा कधी खोटं बोलतो का?"

बाबांनी आयुष्यभर विमा विकला होता. आकडा काय काय बोलू शकतो याची त्यांच्याइतकी माहिती त्या खोलीत कुणाला नव्हती. तरी ते "छे छे" म्हणाले आणि हात खिशात घातला. सकाळच्या भेटीची वेळ संपली होती.

बाहेरच्या बाकावर ते सरळ बसून राहिले. धाकट्याने चहा आणून दिला, तो त्यांनी गार होऊ दिला आणि मग गार झाल्याबद्दल तक्रार न करता पिऊन टाकला.

धाकटा रांगत होता त्या वर्षी हिरड्यांच्या दुखण्याने तिचे वरचे सगळे दात गेले. वय तरी काय होतं! मुलांना मामाकडे पाठवून, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा लांबच्या डॉक्टरकडे जाऊन तिने कवळी बसवून घेतली. येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "कुणाला कळलं तर माझं मेलेलं तोंड बघाल." बोलायची पद्धत असते. पण बाबांनी ती शपथ अक्षरशः पाळली. दिवसभर परक्या लोकांच्या बैठकीत बसून त्यांच्या मरणाविषयी मोकळेपणाने बोलणारा माणूस घरी येऊन या एका बाबतीत दातखीळ बसल्यासारखा गप्प राहिला. ती सगळ्यांच्या नंतर झोपायची, सगळ्यांच्या आधी उठायची. 'कवळी' हा शब्दच घरातून हद्दपार होता. एकदा भाजीवाला "कवळी काकडी आहे, ताई" म्हणाला, तर तिने ते दुकान कायमचं सोडलं.

ती कोसळली तेव्हा, स्ट्रेचर ढकलता ढकलता, दारात कुणीतरी विचारलंही होतं, "खोटे दात वगैरे नाहीत ना?"

"नाही हो," थोरला म्हणाला होता. "आईचे दात या वयातही अख्खे आहेत. आम्हालाच तिच्यावर जायला जमलं नाही."

बाबा शेजारीच चालत होते. त्यांना खोकला आला. कवळी इतकी बेमालूम बसली होती की डॉक्टरांनाही घाईत शंका आली नाही. नळी आत गेली, छातीचा फोटो निघाला, फोटोत नळी जिथे हवी तिथे होती. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. दोन गोष्टींबद्दल एकच.

दुपारभर आतलं यंत्र मधूनमधून केकाटत होतं. दर वेळी कुणीतरी जाऊन त्याचा आवाज बंद करत होतं. नळीच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, हवा बाजूने निसटू नये म्हणून. त्यात सिस्टरने एकदा हवा भरली, मग आणखी एकदा भरली. तेवढ्यापुरतं यंत्र समजूत काढल्यासारखं गप्प बसायचं.

संध्याकाळच्या भेटीला बाबांबरोबर थोरला आत आला. धाकटा काचेबाहेर थांबला, कारण एका वेळी दोघंच, असा नियम होता आणि तो मोडायला हॉस्पिटलात कुणी ओळखीचं नव्हतं. आईच्या घशातून कुणी गुळण्या करत असल्यासारखा आवाज येत होता, आणि गालांवरची चिकटपट्टी लाळेने भिजून सैल पडली होती. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा सकाळपेक्षा खाली होता. तो वर यायचा, दम खायचा आणि परत उतरायचा.

डॉक्टरांनी थोरल्याला पलंगाच्या पायथ्याशी बोलावलं.

"फुप्फुसं साथ देत नाहीयेत असं दिसतंय. आम्ही यंत्राचा जोर वाढवलाय. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा."

"नळीचं काही नसेल ना?"

"नळी जागेवर आहे. तरी आणखी एक फोटो सांगितलाय. फोटोचं मशिन खालच्या मजल्यावर आहे. लिफ्ट आली की येईल."

थोरल्याने मान हलवली. कुठल्याही यंत्राचं नाव निघालं की तो मान हलवायचा, त्याने धीर यायचा. डॉक्टर पुढच्या पलंगाकडे गेले.

बाबा उशाशी उभे होते. आता दातांची रांग पूर्ण दिसत होती, आणि रांगेच्या वर गुलाबी कड. हिरडी नव्हे, हिरडीच्या रंगाची. त्यांनी चादर तिच्या हनुवटीपर्यंत ओढली. चादर आणखी वर नेण्यासारखी नव्हती.

तेवढ्यात पाळी बदलली. दिवसाची सिस्टर पर्स खांद्याला लावून नव्या सिस्टरला पलंग सोपवायला आली. नवी वाकली, बघून म्हणाली, "दाताशी एकवीस." जुनीने री ओढली, "दाताशी एकवीस. सकाळपासून तेच."

आकडा खरा होता. नळी दातांना धरून होती आणि दात कशालाच धरून नव्हते. दोघं मिळून हळूहळू बाहेर निघाली होती, आणि एकमेकांकडे बघून आपण जागेवरच आहोत अशी ग्वाही देत होती.

पडद्यावरचा आकडा उतरला आणि या वेळी परत आला नाही. यंत्र केकाटलं. नव्या सिस्टरने हवा भरायची सिरिंज उचलली.

"सिस्टर," बाबा म्हणाले. मग त्यांनी आईकडे पाठ केली आणि आवाज इतका खाली आणला की दोघींना पुढे वाकावं लागलं. "ते दात तिचे नाहीत."

"काय?"

"म्हणजे तिचेच आहेत. पण निघतात. कवळी आहे. वरची, सगळी."

"बाबा, काहीतरीच काय!" थोरला म्हणाला. आणि सिस्टरला, "यांची झोप झालेली नाही हो. आईचे दात अगदी..."

नव्या सिस्टरने हातमोजा ओढून आईच्या ओठाखाली बोट घातलं. अख्खी रांग तिच्या तळहातावर आली. आईचा चेहरा एकदम लहान झाला, गाल आत गेले, आणि पलंगावर थोरल्याला अनोळखी अशी कुणी म्हातारी बाई दिसली. तो एक पाऊल मागे सरला.

"डॉक्टर! नळी वर आलीय! बाहेर व्हा, दोघं बाहेर!"

पडदा ओढला गेला. पडद्याखालून नुसते पाय दिसत होते, आणि ते फार भराभर जागा बदलत होते.

बाकावर तिघं बसले. थोरला बसला, उठला, पाणी आणायला म्हणून गेला आणि बाटली न घेताच गेला. मधे एक आया झाकणाची प्लास्टिकची डबी घेऊन आली आणि जो जवळ होता त्याच्या, म्हणजे धाकट्याच्या हातात देऊन गेली. "पेशंटची वस्तू," ती म्हणाली. धाकट्याने झाकण उघडलं आणि लगेच लावलं. डबी कुठे ठेवावी ते त्याला कळेना. खिशात घालायची हिंमत होईना आणि बाकावर ठेवणं बरं दिसेना.

बऱ्याच वेळाने डॉक्टर आले.

"नळी स्वरयंत्रापर्यंत वर आली होती. हवा बरीचशी तोंडातूनच परत येत होती. आता नीट बसवलीय. ऑक्सिजन चढतोय."

"म्हणजे आई बरी होईल?" धाकट्याने विचारलं.

"दिवसभर कमी पडत गेलाय. मेंदूने किती सोसलंय ते झोपेचं औषध उतरल्यावर कळेल."

"पण वेळेत कळलं ना?"

डॉक्टरांनी डबीकडे पाहिलं. "थोडं आधी कळलं असतं तर बरं होतं," ते म्हणाले आणि आत गेले.

धाकट्याचा मोबाइल खिशात सारखा थरथरत होता. त्याने तो न बघताच बंद केला. डबी त्याने आता दोन्ही हातांत धरली होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि एवढं आम्हाला कधी सांगितलं नाहीत! कधीपासून माहीत होतं?"

बाबांनी बुटांवरची एक निळी पिशवी काढली, तिची घडी घातली. दुसरी काढायची राहिली.

"सकाळपासून," ते म्हणाले आणि अंगठ्याने स्वतःचाच वरचा ओठ हलकेच खाली ओढला.

बाबांना प्रश्न नीट ऐकू गेला नसावा असं धाकट्याला वाटलं. म्हणून त्याने तो पुन्हा, जरा मोठ्याने विचारला.